पोशाखप्रमुखाची शिट्टी

जिल्हा नवा होता आणि दुष्काळ जुना. उस्मानाबादपासून तुटून लातूर वेगळे झाले, तेव्हा चौकाचौकांत कमानी उभ्या राहिल्या, पेढे वाटले गेले आणि शहाण्यासुरत्या माणसांनाही वाटून गेले की आता पाऊससुद्धा जिल्ह्याच्या ठिकाणाचा मान राखील. पाऊस आला नाही. आल्या त्या संघटना. ज्याच्या अंगणात दोन खुर्च्या मावत होत्या तो कशाचा ना कशाचा जिल्हाध्यक्ष झाला. कबड्डीचे जिल्हाध्यक्षपद आप्पासाहेबांकडे गेले, कारण त्यांच्या अंगणात चार खुर्च्या मावत होत्या. कबड्डी ते कधी खेळले नव्हते. तसा त्यांच्यावर कोणी आरोपही केला नव्हता.

या संघटनेत वीरण्णा नावाचा एक माणूस होता. वय पन्नाशीकडे झुकलेले, खासगी शाळेत मराठी आणि व्याकरण शिकवण्याची नोकरी, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग आणि सदऱ्याच्या खिशात पितळेची एक शिट्टी. पंचाची परीक्षा त्याने नांदेडला दिली होती आणि तुकडीत पहिला येऊन उत्तीर्ण केली होती. निकाल ऐकला त्याच पावली तिथल्याच वजिराबादेच्या बाजारात जाऊन त्याने ती शिट्टी विकत घेतली. तिच्यात त्याने अजून एकदाही फुंकर घातली नव्हती. जुन्या जिल्ह्यात उस्मानाबादवाले म्हणत, लातूरचा पंच कशाला, आमचे आहेत की! नवा जिल्हा झाला आणि वीरण्णाला वाटले, आता तरी आपला सामना येईल.

आप्पासाहेबांनी पंचांची यादी केली. त्यात त्यांचा साडू होता, साखर कारखान्यातला एक बडबड्या कारकून होता, आणि मुख्य पंच म्हणून ते स्वतः होते. वीरण्णासाठी त्यांनी एक नवेच पद निर्माण केले.

"वीरण्णा, तुम्ही पोशाखप्रमुख," ते म्हणाले. "पंच म्हणजे संघटनेचा चेहरा. अन् चेहरा म्हणजे बूट. पंचांचे बूट कसे पायजेत? आरशासारखे. ही जबाबदारी शिकलेल्या माणसाचीच."

"आणि शिट्टी, आप्पासाहेब?"

"येईल की! ही स्पर्धा फायनलसकट पार पाडा. पुढल्या स्पर्धेत शिट्टी तुमच्या तोंडात. शब्द आपला."

पोशाखप्रमुखाचे काम काय, तर सामन्याच्या दिवशी मंडपामागे बसून पंचांचे बूट पुसणे. ठेसनाबाहेर बसणाऱ्या निवृत्ती चांभाराला बोलावले असते तर त्याने हे काम वीरण्णाच्या दसपट चांगले केले असते. पण त्याला पैसे द्यावे लागले असते आणि वीरण्णाला आशा दिली की भागत होते. वीरण्णाला हे कळत नव्हते असे नाही. व्याकरण शिकवणाऱ्याला कर्ता कोण आणि कर्म कोण हे चांगलेच कळते. तरी तो प्रत्येक सामन्याला जाई, साडूच्या बुटांवरची धूळ ब्रशने झाडी, कारकुनाच्या बुटांना डबीतले काळे पॉलिश लावून फडक्याने घासी, आणि मनातल्या मनात त्या तिघांना अशा शब्दांनी संबोधी की जे त्याने वर्गात कधी फळ्यावर लिहिले नसते.

घरी त्याची आई बसम्मा दारातच अडवी.

"चामड्याला हात लावून आलास?"

"हो, अव्वा."

"मग अंघोळ कर, मगच आत ये."

"पाणी कुठं आहे?"

बसम्मा रांजणात डोकावे. टँकर बहुतेक आलेलाच नसे, आणि आलेला असला तरी तळाशी नुसता गाळ असे. "बरं, भस्म लाव कपाळाला अन् ये," ती म्हणे. ज्या लिंगायत धर्माने कष्टांनाच पूजा मानले, त्या धर्मातल्या या बाईला मुलाच्या हातचे कष्ट बाटवीत होते, आणि दुष्काळाने तिचा विटाळसुद्धा चिमूटभर राखेवर आणून ठेवला होता. वीरण्णा भस्म लावी आणि आत जाई.

नांदेडबरोबरच्या फायनलच्या सकाळी आप्पासाहेबांनी नवे बूट पाठवले. हैदराबादहून आणलेले, पेटंट लेदरचे. काचेसारखा लेप दिलेले काळेभोर बूट, ज्यांना पॉलिश लागत नाही. ओल्या फडक्याने पुसले आणि कोरड्याने टिपले की झाले. पण ओले फडके करायला पाणी हवे. बसम्माने त्या दिवशी मुलाला पिण्यासाठी म्हणून एक तांब्या भरून दिला होता आणि वर ताटली झाकली होती. "एक थेंब सांडलास तर बघ," असे बजावलेही होते. ते पाणी आप्पासाहेबांच्या बुटांवर घालायला वीरण्णाचे मन होईना.

तेव्हा त्याने तेल लावले. घरी पिढीजात तेलाचा धंदा. चुलत्याच्या घाण्यावर करडईच्या तेलाचे डबे भरलेले. त्या वर्षी लातुरात तेल मागितले तर वाटी भरून मिळे आणि पाणी मागितले तर लोक दार लावून घेत. वीरण्णाने बोटभर तेल घेऊन बूट असे चोळले की त्यात आप्पासाहेबांना स्वतःच्या मिशा दिसल्या.

"वा! ह्याला म्हणतात बूट!" ते म्हणाले. "काय लावलंत?"

"कौशल्य," वीरण्णा म्हणाला. तेल धूळ धरते, एवढी गोष्ट त्याला कळत नव्हती थोडीच! पण आप्पासाहेबांच्या खुशीवर त्याची शिट्टी टांगलेली होती, आणि खुशामत करणाऱ्याची अक्कल नेहमी अर्धा दिवस उशिरा येते.

मैदान तापून भगभगत होते. एरवी सामन्याआधी मैदानावर पाणी शिंपडतात, म्हणजे रेषांसाठी टाकलेली चुन्याची फक्की जमिनीला धरून राहते. पाणी शिंपडले होते, पण ते मंडपापुढे, पाहुण्यांच्या खुर्च्यांना धूळ लागू नये म्हणून. मैदानावरची फक्की नुसती कोरडी पडून होती. वाऱ्यानेसुद्धा हलत होती.

नांदेडच्या संघात बहुतेक लोहा गावाकडची शेतकऱ्यांची पोरे होती. कर्णधार सटवाजी, आणि चढाई करणारा ग्यानोबा. हा ग्यानोबा एकदा दम धरून घुसला की भल्याभल्यांची पाचावर धारण बसे. मध्यंतरापर्यंत दोन्ही संघ बरोबरीत होते. मध्यंतराला प्रमुख पाहुणे उगवले, आणि त्यांच्यासमोर खेळाडूंसह आपला फोटो निघालाच पाहिजे म्हणून आप्पासाहेब मैदानात उतरले. "तुम्ही सरका, तुम्ही पुढं या, फोटोग्राफर, मागं घे रे!" असे ओरडत, स्वतः पाठमोरे सरकत, ते नांदेडच्या चढाईच्या बाजूची अख्खी निदान रेषा तुडवत गेले. चढाई करणाऱ्याने ही रेषा एकदा तरी पूर्ण ओलांडलीच पाहिजे, एकही पाय अलीकडे टेकलेला चालत नाही, नाहीतर तो बाद. ज्या मुख्य पंचाने हे पाहायचे त्याच्याच बुटांनी ती पुसली. कारकून आणि साडू सरबत पिण्यात गुंतलेले होते. मंडपामागे बसलेल्या वीरण्णालाही ते दिसले नाही.

दुसऱ्या डावात पुसलेल्या रेषेचा प्रश्न कोणी काढला नाही, आणि शेवटची चढाई उरली तेव्हाही गुण बरोबरीतच होते. ग्यानोबा गेला, आत खोल शिरला, एक हात चुकवताना गुडघ्यावर आपटला, सालटे निघाले, तरी दम न सोडता परत आला. आप्पासाहेबांनी शिट्टी फुंकली.

"निदान रेषा ओलांडली न्हाई. बाद! लातूर विजयी!"

सटवाजी धावत आला. "साहेब, रेषा हाय कुठं? दाखवा तं खरं! हितं नुसती फक्की पसरलेली हाय."

"रेषा जिथं होती तिथं होती. खेळाडूंनीच पुसली असेल."

"आमच्या अनवाणी पायांनी? अन् तुमचं पाऊल पडलं न्हाई का फोटो काढताना?"

"आपण रेषेवर पाऊलसुद्धा ठेवलं न्हाई," आप्पासाहेब छाती काढून म्हणाले. "जिल्हाध्यक्ष आहे मी."

हा काही पुरावा नव्हता, पण मंडपातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बक्षीस समारंभाची घाई सुरू झाली. आप्पासाहेब मंडपामागे आले, बूट काढून वीरण्णापुढे टाकले आणि म्हणाले, "लवकर पुसा. पाहुण्यांबरोबर उभं राहायचंय." आणि मोजे घालूनच पुन्हा पुढे जाऊन खुर्चीवर बसले.

मैदानावरची बाचाबाची वीरण्णाने मंडपामागून ऐकली होती. त्याने बूट हातात घेतले. टाचेपासून चवड्यापर्यंत शिवणीच्या खाचेत चुना गच्च बसला होता. ओल्या फडक्याने पुसलेला बूट असता तर कोरडी फक्की केव्हाच झडून गेली असती. त्याच्या करडईच्या तेलाने ती धरून ठेवली होती. ही आप्पासाहेबांच्या बुटाला चिकटलेली लोह्याच्या पोरांची निदान रेषा होती. ती काढायला आता खरोखरच पाणी लागणार होते. तांब्या शेजारी होता. पुसले की पुढल्या स्पर्धेत शिट्टी. त्याने ताटली बाजूला केली.

"गुर्जी, पाणी हाय का जरासं?" मागून सटवाजीचा आवाज आला. ग्यानोबा त्याच्या खांद्यावर हात टाकून लंगडत होता. गुडघ्यातून रक्त आणि माती एक होऊन ओघळत होती. "मंडपातल्यांनी हाकलून दिलं आमाला. जखम धुवायची हाय फक्त."

वीरण्णाने तांब्याकडे पाहिले, बुटाकडे पाहिले. आपण माणूस आहोत की फडके, असा साधा प्रश्न त्याला पडला, आणि इतक्या वर्षांत तो आधी का पडला नाही म्हणून त्याला स्वतःची किळस आली.

"बस," तो ग्यानोबाला म्हणाला, आणि तांब्या त्याच्या गुडघ्यावर रिता केला.

सटवाजीचे लक्ष बुटांकडे गेले. "गुर्जी... हा चुना?"

"दिसतोय ना तुला? मग मला काय विचारतोस? चल माझ्याबरोबर."

वीरण्णा मंडपात गेला आणि पाहुण्यांच्या समोरच्या मेजावर, हारांच्या शेजारी, त्याने दोन्ही बूट ठेवले. तळवे वर करून.

"पाणी संपलं, आप्पासाहेब," तो म्हणाला. "रेषा पुसायला पुरलं नाही."

लोकांना समजायला क्षणभर लागला. मग मागून कोणीतरी ओरडले, "अध्यक्ष सायब रेषाच घरी घेऊन चालले की हो!" आणि सगळे मैदान हसले. आप्पासाहेब ताडकन उठले. मोज्याला भोक होते आणि अंगठा बाहेर डोकावत होता. ते पाहून पोरे आणखी हसली. पाहुण्यांना घरी जायचे होते. त्यांनी घड्याळ बघून निवाडा दिला की रेषा नव्याने आखा, ती एक चढाई पुन्हा घ्या, आणि अध्यक्षांच्या पायात बूट नसल्यामुळे दुसरा पंच द्या. साडूला नियम माहीत नव्हता. कारकून गायब झाला होता.

"मी परीक्षा उत्तीर्ण आहे," वीरण्णा म्हणाला.

त्याने स्वतः दोरी ताणून फक्की टाकली, खिशातून शिट्टी काढली, सदऱ्याला पुसली आणि रेषेच्या टोकाशी उभा राहिला. ग्यानोबा दम धरून निघाला. आत गेला. एक पाय रेषेपलीकडे पडला. दुसरा, नुकत्याच धुतलेल्या गुडघ्याचा, उचलता उचलेना आणि त्याचा रक्ताने माखलेला अंगठा रेषेच्या अलीकडच्या काठावर घासत राहिला. तो परत फिरला. हे पोर जिंकून परत यावे अशी वीरण्णाची इच्छा होती. पण ज्याच्यासाठी इतकी वर्षे हिणवून घेतले, तो नियम त्याच्यासमोर पांढऱ्यावर लाल उमटला होता.

त्याने शिट्टी फुंकली. "बाद."

लातूरचे लोक नाचू लागले. सटवाजी जवळ आला आणि त्याच्या पायाशी थुंकला. "तांब्याभर पाण्यात विकत घेतलंत की आमाला, गुर्जी."

रेषेवरचा रक्ताचा डाग दाखवायला वीरण्णा वाकला, पण तोवर लोह्याची पोरे निघूनही गेली होती.

मग आप्पासाहेब आले, मोज्यांनिशी, दोन्ही हात पसरून. "शाब्बास, वीरण्णा! काय डाव टाकलात! आधी आपल्यावरच बूट उलटवले, सगळ्यांचा विश्वास बसला, अन् मग बरोबर बाद दिला. पुढल्या स्पर्धेला मुख्य पंच तुम्हीच."

"मी नियमाने बाद दिला, आप्पासाहेब."

"तेच तं म्हणतो! नियम कुठं लावायचा ते तुम्हाला बरोबर कळतं. आपला माणूस आहात तुम्ही." त्यांनी बूट उचलून त्याच्या हातात दिले. "हे तेवढे पुसून घरी पाठवा."

या माणसांच्या राज्यात खरा निवाडा आणि खोटा निवाडा दिसायला सारखाच होता. शिट्टी मिळाली तरी तिचा आवाज आप्पासाहेबांचाच निघणार होता. वीरण्णाने बूट खाली ठेवले, रिकामा तांब्या आणि ताटली उचलली.

"मुख्य पंच म्हणून साडूंनाच ठेवा," तो म्हणाला. "त्यांना नियम येत नाही. तुम्हाला तेवढीच सोय."

घरी बसम्मा दारातच होती. तिने आधी तांब्यात पाहिले.

"पाणी कुठं सांडलास?"

"लोह्याच्या एका पोराच्या गुडघ्यावर."

"बरं केलास. जिंकलं का मग ते?"

"नाही. मीच बाद दिलं."

म्हातारीने तांब्या उपडा करून पाहिला. "म्हणजे पाणीबी गेलं, अन् शिव्याबी मिळाल्या."

"हो, अव्वा."

"चामड्याला हात लावलास आज?"

"लावला. आजचा शेवटचा."

बसम्माने भस्माची वाटी पुढे केली. मग काय मनात आले कोण जाणे, तिने ती मागे घेतली.

"राहू दे," ती म्हणाली. "असाच ये."