सुकलालची बायको समुद्र पाहायला गेली

तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या भोईवाड्यात सुकलाल भोई राहत असे. अंगानं काटक, बोलण्यात मुळातच कमी. पावसाळ्यात तो नाव चालवायचा, आणि दिवाळीनंतर तापीचं पाणी ओसरून वाळू उघडी पडली की तिच्यात टरबुजाची वाडी लावायचा. हातभर खोल खड्डे खणायचे, तळाशी शेणखत घालायचं, वर वाळू लोटायची आणि भिजवलेलं बी टोचायचं. असे तीनशे-साडेतीनशे खड्डे तो आणि त्याची बायको धनुबाई दोघं मिळून खणत. दर पावसाळ्यात पूर येऊन वाडी धुऊन नेई. पुढच्या वर्षी नवी वाळू, नवे खड्डे. सुकलालला त्याचं काही वाटत नसे. आपलं शेत नदीनं दिलेलं आहे आणि नदीच ते परत नेते, एवढंच त्याला ठाऊक होतं.

त्यांना एकच मुलगी, चिंधी. आधीची दोन मुलं गेली म्हणून हिला नजर लागू नये अशा बेतानं हे नाव ठेवलेलं. नवराबायको एकमेकांना तिच्या नावानंच हाक मारत, चिंधीना बाप, चिंधीनी माय. मग सन अठरात मानमोडीच्या तापाची साथ आली. त्या आश्विनात घराघरातून माणसं उचलली जात होती. जळण मिळेना, खांदा द्यायला चार माणसं मिळेनात. लोकांनी प्रेतं नदीत सोडायला सुरुवात केली. सहा वर्षांच्या चिंधीला सुकलालनं आपल्याच नावेतून भर धारेत नेलं आणि तिच्या आईच्या लुगड्यात गुंडाळून हलकेच पाण्यावर ठेवलं. ते निळं लुगडं बराच वेळ दिसत होतं. काठावर उभी राहून धनुबाई ते पाहत होती.

त्यानंतर ती रडली नाही की कुणाशी भांडली नाही. कामं करायची, पण मध्येच हात थांबायचे आणि नजर धारेच्या खालच्या अंगाला लागून राहायची. पौषातल्या एका सकाळी दोघं खड्डे खणत होती. पाण्यावरून धुकं उठत होतं, पलीकडचा काठ असून नसल्यासारखा झाला होता. धनुबाईनं विचारलं, "हाई पानी कोठे जास?"

सुकलाल कमरेत वाकलेला होता. मान वर न करता तो म्हणाला, "समुद्रले जास."

"मंग चिंधी बी तठेच गयी व्हई."

त्यानं ओंजळभर वाळू रागानंच खड्ड्याबाहेर फेकली. "जाय, देखी ये," असं तो बोलून गेला.

खड्डा पुरा करून त्यानं पाठ सरळ केली तेव्हा धनुबाई जागेवर नव्हती. ओल्या वाळूवर तिची पावलं खालच्या अंगाला गेलेली दिसत होती. विसाव्याला गेली असेल, असं त्याला वाटलं. दुपारपर्यंत वाऱ्यानं पावलंही बुजवून टाकली.

पहिले दोन दिवस तो काठाकाठानं शोधत फिरला. तिचं माहेर कोरीटचं. तिथंही जाऊन आला. पण साथीनं ते घर आधीच रिकामं केलं होतं, दारात काटेरी फांद्या लावलेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पोलीस पाटील रायसिंग त्याच्या दारात येऊन उभा राहिला. शेजारच्या सुंदरबाईनं त्याला सांगितलं होतं, की धनू त्या सकाळी वाडीवर गेली ती परत आलीच नाही, आणि हा एकटाच अंगभर वाळू माखून घरी आला. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. चौथ्या दिवशी फौजदार आला.

"बायको कुठं आहे तुझी?"

"समुद्र देखाले गयी, साहेब."

जमलेली माणसं आधी हसली, मग फौजदाराकडे पाहू लागली. फौजदारानं पुन्हा विचारलं, पट्ट्यानं मारून विचारलं, ठाण्यावर नेऊन अकरा दिवस विचारलं. सुकलालचं उत्तर बदललं नाही. दुसरं उत्तर त्याच्याजवळ नव्हतंच. एवढं विचित्र खोटं कोण कशाला रचेल, असं कुणाच्या मनात आलं नाही. उलट सगळ्यांना वाटलं, हा आपल्याला वेड्यात काढतोय.

मग खड्डे उकरायचं ठरलं. रायसिंगनं माणसं लावली. सुकलालला बांधून वाळूत बसवलं आणि त्याच्यासमोर एकेक खड्डा उपसला. नुकते रुजलेले कोंब खताबरोबर बाहेर फेकले जात होते. दर दहा-वीस खड्ड्यांनंतर रायसिंग त्याच्यापाशी येई आणि जवळजवळ मायेनं म्हणे, "सुकलाल, खरं सांगी दे. कोनता खड्डामा शे ती?" सुकलाल कोंबांकडे पाहत राही. तीनशे अठ्ठावीस खड्डे झाले, काही सापडलं नाही. पुरावा नाही म्हणून त्याला सोडून दिलं. पण गावानं सोडलं नाही. पुढच्या पावसात पूर येऊन वाळू धुऊन गेली तेव्हा लोक म्हणाले, पुरानं पुरावा नेला.

सुकलालनं पुढच्या वर्षी पुन्हा वाडी लावली. दुसरं काही त्याला येत नव्हतं. एकट्यानं लावली म्हणून खड्डे कमी, पण टरबुजं आली ती भरदार, आणि फोडल्यावर लालबुंद. त्या लाल रंगानंच घात केला. घाटाच्या पायऱ्यांवर तो टोपली घेऊन बसे. देवदर्शनाला आलेले बाहेरगावचे यात्रेकरू फोड हातात घेत, तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या कानाशी लागे. ते फोडीकडे पाहत आणि ती तशीच खाली ठेवून निघून जात. त्याच्या नावेत बायका बसेनाशा झाल्या. मग तो टोपल्या डोक्यावर घेऊन शहाद्याच्या बाजाराला जाऊ लागला, तळोद्यापर्यंत जाऊ लागला. दरवर्षी गोष्ट त्याच्या आधी एकेक गाव पुढं पोचलेली असे.

वर्षं अशीच जात राहिली. हिवाळ्यात धुकं, उन्हाळ्यात वाळूवर थरथरणारं मृगजळ, पावसाळ्यात तांबूस पाणी. सुकलालशी बोलायला माणूस नव्हतं म्हणून तो वेलांशी बोलायचा, पुढे तेही सुटलं. दुपारी वाडीवरच्या गवताच्या मांडवात तो आडवा व्हायचा. ऊन मांडवातून ठिपक्याठिपक्यांनी अंगावर पडायचं, नदीचा आवाज कधी लांब जायचा, कधी अगदी उशाशी यायचा, आणि त्याला एकच स्वप्न पडायचं. तो खड्डा खणतोय. वाळू थंड लागता लागता कोमट होतेय. बोटांना काचेच्या बांगड्या लागतात. तो घाबरून उठे तेव्हा बोटांवर खरोखरच काहीतरी टेकून गेल्यासारखं वाटे.

एकदा स्वप्नातून उठला तो सरळ वेलांत गेला आणि दोन्ही हातांनी एक खड्डा उपसू लागला. वेल मुळासकट निघाला, फळं गडगडत गेली, तरी तो थांबेना. काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी ते पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की सुकलाल पुरल्याची जागा आठवायला लागला. सुकलालला ते कळलं तेव्हा तो चिडला नाही. त्याला फक्त एवढंच वाटलं, की एवढी माणसं म्हणतात, ती काय सगळीच खोटी बोलतात? मी तिला जा म्हटलं होतं. ते म्हणणं म्हणजेच मारणं असेल, आणि मला ते कळलं नसेल.

नववं वर्ष. माघ सरत आला होता. भर दुपारी तो वाळूत खणलेल्या झिऱ्यातून पाणी काढून वेलांना घालत होता. खालच्या अंगानं, उन्हाच्या झळांतून, एक बाई वाळूवरून चालत येताना दिसली. अशा बाया त्याला बऱ्याचदा दिसत, जवळ आल्यावर विरघळून जात. म्हणून तो पाणी घालत राहिला. ही विरघळली नाही. मांडवाशी आली, गाठोडं ठेवलं, दुसरा घडा उचलून झिऱ्यात बुडवला आणि शेजारच्या ओळीला पाणी घालू लागली. तिचे केस पांढरे झाले होते, अंग काळवंडून चामड्यासारखं झालं होतं. दोघांनी आपापली ओळ पुरी केली. ओळीच्या टोकाला ती म्हणाली, "चिंधीना बाप, मी उनू."

सुकलालच्या हातातला घडा वाळूवर टेकला. मग अगदी हळू, दुसऱ्या कुणाबद्दल विचारावं तसं त्यानं विचारलं, "मी तुले मारं नही ना?"

"नही हो," ती म्हणाली. "मी जित्ती शे."

तो वाळूत खाली बसला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा रडला.

धनुबाई काठाकाठानं चालत गेली होती. कुणी भाकरी दिली, कुणी नाही दिली. दीड महिन्यानं सुरतेच्याही पुढं, नदी जिथं संपते तिथं ती पोचली. समोर नुसतं पाणी. त्या पाण्यात आपली पोर कुठं शोधायची, हे तिला कळेना, आणि तिथून उठावं असंही वाटेना. मासे वाळवणाऱ्या बायकांनी तिला कामाला लावून घेतलं. तिथं तिनं पाहिलं, की नदी दिवसातून दोन वेळा उलटी फिरते. समुद्र तिला आत ढकलतो आणि पाणी आलं त्या वाटेनं माघारी चालू लागतं. रोज ती ते पाहायची आणि म्हणायची, उद्या आपणही निघू.

"मंग निंघनी का नही?" सुकलालनं विचारलं.

"लाज वाटे," ती म्हणाली. "न सांगता उनू व्हतू."

मग एका थंडीत सातपुड्यातली काही भिल्ल माणसं मिठागरात आणि मासे वाळवायला मजुरीला आली. त्यांच्यातली कालीबाई नावाची एक बाई काम करता करता गोष्टी सांगायची. तिनं एक दिवस सांगितलं, की तापीच्या काठी प्रकाशाला एक माणूस आहे, त्यानं बायकोला मारून टरबुजाच्या खड्ड्यात पुरलं, आणि तेव्हापासून त्याची टरबुजं रक्तासारखी लाल होतात. धनुबाईच्या हातातली माशांची दोरी तशीच राहिली. आपण मेल्याची बातमी तिला अशी समुद्राच्या काठी कळली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुरतेहून आगगाडीत बसली, नंदुरबारला उतरली आणि तिथून पायी आली.

सुकलालला वाटलं, आता सगळा संशय संपला. तो तिला घेऊन भोईवाड्यात गेला. माणसं गोळा झाली. सगळे तिला खालून वरून न्याहाळत होते, पण कुणी "धनू" म्हणून पुढे होईना. तिच्या बोलण्यात मध्येच सुरतेकडचा शब्द येत होता. रायसिंग आला. आता तो म्हातारा झाला होता, तरी पाटीलकी त्याच्याकडेच होती. त्यानं चौकशी केल्यासारखं विचारलं, "तुन्हा बापना गाव कोनता?"

"कोरीट."

"पोर कशी मरनी?"

तिनं सांगितलं. लुगड्याचा रंगही सांगितला. रायसिंगनं तिच्या हनुवटीवरचं गोंदण वाकून पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा सैल झाला, ओठ हलले. सुकलालला स्पष्ट दिसलं, की त्यानं तिला ओळखलं. मग त्याची नजर सुकलालच्या पाठीवर गेली. फौजदाराच्या पट्ट्याचे व्रण सदऱ्याखाली होते, आणि तो फौजदार रायसिंगनंच बोलावला होता. रायसिंग सरळ उभा राहिला आणि लोकांकडे वळून म्हणाला, "सुकलालनी शिकाडेल शे तिले." आणि काठी टेकत निघून गेला.

गावानं ठरवून टाकलं, ही दुसरी. पहिलीला मारली आणि नऊ वर्षांनी तिच्यासारखी दिसणारी एक सुरतेकडून आणली. सुकलाल दोन दिवस दारोदार फिरला, शपथा घेतल्या, हातापाया पडला. तिसऱ्या दिवशी धनुबाईनंच त्याला थांबवलं. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुले माहीत शे ना?"

त्याला माहीत होतं. पण खरं सांगायचं तर त्यालाही एखाद्या पहाटे जाग आली की शेजारी झोपलेली बाई अनोळखी वाटे, आणि तो ती उठेपर्यंत तिच्याकडे पाहत बसे. उठून ती चूल पेटवायला बसली, की फुंकर घालताना डावा डोळा मिटायची तिची जुनी सवय दिसे आणि त्याचा जीव खाली येई.

पुढची वर्षं मात्र बरी गेली. दोघं मिळून पुन्हा तीनशे खड्डे खणू लागली. मारून पुरल्याची भीती लोकांना उरली होती, पण घरात चालती-बोलती बाई दिसत असल्यामुळे त्या भीतीला पूर्वीची धार राहिली नव्हती. धनुबाई घाटावर टोपली घेऊन बसे. यात्रेकरू बाया घटकाभर टेकत, आणि ती त्यांना समुद्राबद्दल सांगे. हळूहळू भोईवाड्यातल्या बायाही धुणं घेऊन जवळच्या पायरीवर बसू लागल्या. धनुबाई म्हणून तिला कुणी मानत नव्हतं, पण समुद्राचं सगळं बाया खरं मानत होत्या. लाटा किती उंच, नदी माघारी कशी फिरते, ओल्या वाळूवर खेकडे कसे तिरपे पळतात.

सन चौतीस-पस्तीसचा उन्हाळा असेल. सुकलाल पायऱ्यांच्या खालीच नावेला डांबर लावत होता. वर बायकांचं चाललं होतं. सुंदरबाई, जिनं पहिल्यांदा पाटलाला सांगितलं होतं ती, हातातलं लुगडं पिळायचं विसरून ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, "पन धनू, पानी एवढं खारं, मंग मासा कसा जगतस त्यामा?"

तोंडातून नाव गेलं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. सुंदरबाईच्याही नाही. धनुबाई तर मासे कसे जगतात ते सांगूही लागली होती. खाली सुकलालच्या हातातला डांबराचा बोळा तेवढा थांबला. त्यानं वर पाहिलं नाही. मग तो नावेच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि तिथली फट बुजवू लागला.