राजूरचं कडू दूध

अनुपमा साळवेची आणि माझी शेवटची भेट श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर झाली. मी माहेरी शेवगावला निघाले होते आणि ती राजूरला. गाड्या दोघींच्याही उशिरा होत्या. मी बाकावर जागा धरली, पण ती काही बसायला तयार नव्हती. फलाटाच्या या टोकाला जायची, परत यायची, पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची. राजूरला दूध गार ठेवायची जी टाकी आहे, ती दोन दिवस नीट चालत नव्हती म्हणे. दूध नासलं, परत पाठवावं लागलं, तर तिथल्या बायका पुन्हा कधी विश्वास ठेवणार नाहीत, एवढंच तिच्या डोक्यात. मी म्हटलं, "अनू, तू रिटायर झालीस." तर म्हणाली, "म्हणून तर एसटीने चाललेय. नाहीतर कंपनीची गाडी नसती का?" आणि तिची गाडी लागली, ती चढली. खिडकीतून हात केला की नाही, ते मला आता आठवत नाही... आणि तेवढ्यासाठी मी कितीदा तरी तो स्टँड डोळ्यांसमोर आणून पाहते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विजयभाऊंचा, तिच्या मिस्टरांचा, फोन आला. टाकी दुरुस्त करून घेऊन ती परत निघाली होती. वाटेत छातीत कसंतरी व्हायला लागलं. संगमनेरला कंडक्टरने आणि दोन बायकांनी तिला उतरवून दवाखान्यात नेलं. विजयभाऊ पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता दीड महिना होत आला. तेव्हापासून माझं घरात चित्त लागत नाही. चहा ठेवते आणि बाहेर अंगणात जाऊन उभी राहते. कुणाला तरी काही तरी सांगायचं राहिलंय असं वाटत राहतं. म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही दोघी एकाच वर्षी डेअरीत लागलो. पुणतांब्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून कारखाना. मी शेवगावची, कोरडवाहू घरातली, पहिली बीएस्सी झालेली मुलगी. ती श्रीरामपूरच्या ख्रिस्ती कुटुंबातली, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. प्रयोगशाळेत आम्ही दोघीच बायका, त्यामुळे डबा एकत्र, बस एकत्र आणि भांडणंही एकत्र. तेव्हा कारखाना परदेशी नव्हता. आसपासच्या चार गावांतल्या मंडळींनी मिळून काढलेली डेअरी होती ती. सुरुवातीला सायकलींवर कॅन यायचे, मग टेम्पो, मग टँकर. डेअरी चालवणाऱ्यांना गोठ्यागोठ्यातली गाय नावाने माहीत असायची. आणि मग देशात परदेशी कंपन्यांना दारं उघडली, तसं एक दिवस गेटवरची पाटी उतरली आणि नवी लागली.

ही नवी कंपनी एका थंड देशातली. तिचा इतिहास आम्हाला ट्रेनिंगमध्ये पडद्यावर दाखवायचे. दोन भावांनी आपल्या गावात दूध आटवून डब्यात भरायला सुरुवात केली. ते डबे आधी जहाजांवर गेले, मग दूरदूरच्या देशांत. दुधानंतर लहान मुलांचं अन्न, मग बिस्किटं, कॉफी, चॉकलेट. ज्या देशात जायचं तिथली चालती डेअरी विकत घ्यायची, तिथली चव ओळखायची आणि हळूहळू त्या चवीला आपल्या चवीकडे वळवायचं, असा त्यांचा शिरस्ता. काय ठेवायचं नि काय विकून टाकायचं, हे दरवर्षी तिकडे बसून ठरायचं आणि इकडे आमच्या गेटवर कळायचं. पण कामाला चोख. त्यांनी दुधाची पावडर करायचा उंच मनोरा बांधला, गावोगाव दूध गार करायची केंद्रं बसवली, आणि चव घ्यायला माणसं निवडली. तिकडून एक बाई आल्या होत्या. आम्हा सगळ्यांना नाव न लिहिलेल्या वाट्यांमधलं दूध हुंगायला नि चाखायला लावलं. शेवटी त्यांनी अनूकडे बोट केलं. तेव्हापासून टँकरचं झाकण उघडलं की आधी अनूचं नाक, आणि पावडरचा लॉट डब्यात भरण्याआधी अनूची जीभ. ती मान हलवायची तेव्हा माल जायचा. आमची साळवेबाई कांदा-लसूण फक्त रविवारी खायची, आणि तेही चर्चहून आल्यावर.

राजूरचं प्रकरण त्यानंतर काही वर्षांनी झालं. अकोले तालुक्यातल्या डोंगरावरच्या गावांचं दूध एका टेम्पोने राजूरला गोळा होऊन आमच्याकडे यायचं. उन्हाळ्याच्या अखेरीस चारा संपला की तिकडची जनावरं मिळेल तो पाला खातात. त्या वर्षी तो पाला दुधात उतरला. अनूने चाखलं आणि म्हणाली, कडू आहे. मीही चाखलं, कडूच होतं. तिने तसं सांगितलं, दूध परत गेलं. पुढचे काही दिवसही तेच. पाऊस पडून हिरवा चारा आला की चव आपोआप सुधारेल, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना माहीत होतं, आणि तसं अनूने वर कळवलंही होतं. पाऊस पडला. चारा आला. पण टेम्पो काही पुन्हा राजूरला गेला नाही. का गेला नाही, हे विचारायचं आमचं खातं नव्हतं. रोज दुसरीकडून पुष्कळ दूध येत होतं, आणि आम्ही त्यात बुडून गेलो.

मग ती साथ आली, सगळं जग घरात बसलं. अनूला ताप आला आणि गेला. आठवड्याने तिच्या घरातलं दूध करपलं. शेजारची बाई ओरडत आली, आणि ही गॅससमोरच उभी, तिला काही पत्ताच नाही. तिने हिंगाची डबी उघडली, रॉकेलचं जुनं डबडं हुंगलं, विजयभाऊंच्या घामट सदऱ्यात तोंड खुपसलं... काहीच नाही. मला फोन करून हे सांगताना तिचा आवाज इतका सपाट होता की मी घाबरले. मी म्हटलं, थोडे दिवस थांब, वास येईल परत, पुष्कळांना येतोय. ती म्हणाली, "नंदा, लहान पोरांच्या डब्यावर माझी सही असते." दुसऱ्याच दिवशी तिने मॅनेजरना सांगून टाकलं आणि स्वतःहून चव घ्यायचं सोडलं.

त्यानंतरची अनू मला बघवत नसे. कारखान्यात ती नुसती फिरायची. इकडे एका बरणीचं झाकण उघड, तिकडे एका कॅनवर वाक. काही महिन्यांनी वास परतला, पण वाकडा. कॉफीला जळक्या रबराचा, मोगऱ्याला औषधाचा. दुधाला म्हणे ओल्या भिंतीचा. जेवणावरची तिची वासनाच उडाली. मॅनेजर होते कार्तिक सर, दक्षिणेकडचे, तरुण, स्वभावाने सरळ. निवृत्तीला थोडाच काळ राहिला होता, तेव्हा तिला काही तरी सन्मानाचं काम द्यावं म्हणून त्यांनी तिच्याकडे इतिहासाचं दालन सोपवलं. गेटजवळच्या खोलीत पाहुण्यांसाठी भिंतीवर फोटो आणि मजकूर लावायचा होता, कंपनी इथे कशी आली, कशी वाढली. अनूला आधी ते भीक घातल्यासारखं वाटलं. पण हातात घेतलेलं काम अर्धवट टाकणं तिच्या रक्तात नव्हतं. ती जुन्या माणसांकडे जायला लागली.

त्यातच दूध-खरेदी विभागाचे एक निवृत्त साहेब तिला भेटले. गप्पांच्या ओघात ते सहज बोलून गेले की राजूरचा रस्ता कंपनीला नकोच होता. घाटाचा रस्ता, दूध थोडं, खर्च जास्त. बंद करायला कारण हवं होतं. "तुमच्या कडू दुधाने आमचं काम सोपं केलं, बाई," असं ते हसत म्हणाले. त्या दिवशी ती तिथून तडक माझ्या घरी आली. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, "मी खोटं सांगितलं नव्हतं ना, नंदा? तू पण चाखलं होतंस." मी म्हटलं, कडूच होतं. तरी ती पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली. आपण बोललेलं खरं कुणी तरी आपल्याला न विचारता वापरून घेतलं, हे तिला सहन होत नव्हतं.

आम्ही दोघी राजूरला गेलो. बाजाराचा दिवस होता. विचारत विचारत वरच्या एका वाडीत हौसाबाईंच्या दारात पोचलो. तेव्हा दूध घालणाऱ्या बायकांत त्या पुढे असायच्या. आता म्हातारी, पण ताठ. आम्ही डेअरीच्या, असं म्हटल्यावर त्यांनी आम्हाला नीट न्याहाळलं, मग घोंगडी टाकली. दूध थांबल्यावर काय केलं, असं अनूने विचारलं. हौसाबाई सावकाश सांगू लागल्या. काहींनी गाई विकल्या, काही खाली ऊस तोडायला गेले, काहींनी खवा करून बाजारात बसायला सुरुवात केली. जगायचं कुणाचं थांबलं नाही. मग म्हणाल्या, "टेम्पो यायचा न्हाई हे आमाला कुनी सांगितलंच न्हाई, बाई. आमी कॅन घिऊन सडकंला बसून ऱ्हायलो. दुसऱ्या दिशी बी बसलो. मला वाटलं, माझ्याच हाताची घान लागली आसंल दुदाला. मी राखंनं कॅन घासत बसायची... लई दिस."

 अनूने पुढे सरकून त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "दूध कडू होतं, हौसाबाई. ते मीच सांगितलं होतं. जनावरांनी पाला खाल्ला होता म्हणून. तुमचे हात स्वच्छ होते."

म्हातारीने तिच्याकडे बघितलं. "व्हय?" एवढंच म्हणाली. मग आत गेली आणि चहा टाकला. परतीच्या गाडीत अनू खिडकीला डोकं लावून बसली होती. मला वाटलं झोपली. तर म्हणाली, चहाला धुराचा वास होता. खरा धुराचा.

इतिहासाच्या दालनासाठी तिने राजूरचं सगळं लिहिलं. चार वाक्यांत, कुणाला नाव न ठेवता. दूध का परत गेलं, रस्ता का बंद झाला, आणि बायकांना कुणी कळवलं नाही. कार्तिक सरांनी ते वाचलं आणि अडचणीत पडले. हे पाहुण्यांसाठी आहे, मॅडम, पाहुणे चहा होईपर्यंत थांबतात, असं म्हणाले. तिने उत्तर दिलं, की म्हणूनच तिने चहा होईपर्यंत वाचून होईल एवढंच लिहिलंय. मजकूर मंजुरीसाठी त्या थंड देशात गेला आणि राजूर गाळून परत आला. भिंतीवर दोन भाऊ लागले, मनोरा लागला, सायकलवरचे कॅन लागले. खाली संकलन म्हणून अनूचं नाव घालणार होते, ते तिने काढायला लावलं. आरडाओरडा केला नाही. फक्त कार्तिक सरांना म्हणाली, एकदा माझ्याबरोबर वर चला.

आणि ते आले, याचं मला कौतुक वाटतं. हौसाबाईंच्या ओट्यावर मांडी घालून बसले, नाचणीची भाकरी खाल्ली, त्यांना कळत नव्हतं ते अनू हिंदीत सांगत होती. काही कबूल न करता ते खाली उतरले. अनू रिटायर झाली, निरोपाची शाल घेऊन घरी बसली. म्हणजे बसली कुठली, घर आणि अंगण तुडवत राहिली. आणि मग एक दिवस कळलं की राजूरला टाकी बसतेय. कंपनीला देशी गाईच्या दुधाचं काही तरी नवं विकायचं होतं, शहरात त्याला मागणी आली होती, आणि डोंगरात अजून देशी गाई होत्या. कार्तिक सरांनी राजूरचं नाव पुढे केलं होतं. अनूला मी हे सांगितलं तेव्हा ती खूप हसली. म्हणाली, "बघ, माफी नाही मागितली त्यांनी. दूध मागितलं." मग जरा वेळाने, "पण या वेळी बायकांना सगळं आधी सांगायचं. कडू आलं तर काय, बंद झालं तर काय. ते मी सांगणार." तेव्हापासून महिन्यातून दोन-तीनदा तिची ती एसटी सुरू झाली. कुणी पाठवलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. ही टाकी तरी किती वर्षं टिकेल, तिकडे बसलेली माणसं पुढच्या वर्षी काय ठरवतील, याची खात्री तिला नव्हती आणि मलाही नाही. हे लिहिताना मनातून ते जात नाही.

तिच्या दफनविधीला श्रीरामपूरचं चर्च भरलं होतं. राजूरहून जीप करून बायका आल्या होत्या. हौसाबाईंना प्रार्थना कळत नव्हत्या, पण सगळे उभे राहिले की त्या उभ्या राहत, सगळे बसले की बसत. मातीच्या वेळी त्या पुढे झाल्या, मूठभर माती टाकली आणि पदराने हात पुसले नाहीत. तसेच धरून उभ्या राहिल्या.

गेल्या रविवारी मी विजयभाऊंकडे गेले होते. स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी पिठलं टाकत होते, भाकरीचं पीठ परातीत काढून ठेवलं होतं. वारा सुटला होता, उघड्या खिडकीतून धूळ सरळ परातीत येत होती, गॅसची ज्योत विझू विझू होत होती. मी खिडकी ओढून घ्यायला गेले, तर विजयभाऊ दारातून म्हणाले, "राहू द्या, नंदाताई." मग सांगायला लागले. वास गेल्यापासून अनूला गॅस सुटल्याचं कळणार नाही अशी धास्ती बसली होती. थंडी असो, पाऊस असो, ही खिडकी ती लावू द्यायची नाही. दोघांचं त्यावरून रोज वाजायचं. रात्री ते गुपचूप लावून यायचे आणि पहाटे उठून बघावं तर ती उघडलेली.

"आता मला येतो की वास," ते म्हणाले. "लावली तरी चालेल. पण लावली की पुन्हा उठून उघडावीशी वाटते."

मी परात उचलून भिंतीकडच्या कोपऱ्यात ठेवली, ज्योतीच्या आड ताट उभं केलं, आणि पिठलं ढवळत राहिले. खिडकीचं दार वाऱ्याने भिंतीवर आपटत होतं. आम्ही दोघांनीही ते तसंच आपटू दिलं.