टाका घालण्याआधी

विश्वास कोणावर ठेवायचा हो? टीव्हीवर ओरडणाऱ्यावर, मोबाइलवर हात जोडणाऱ्यावर, की आपल्यासमोर डोळे मिटून आडव्या पडलेल्या माणसावर? तुमचं तुम्ही ठरवा. माझा धंदा गाद्यांचा, म्हणून मी तिसऱ्याच्या बाजूचा!

बाभुळगावात बसस्टँडच्या बाजूला माझं दुकान. शाळा सातवीत सुटली, पुढचं शिक्षण रुई चाचपत झालं. इथे किस्से जमतात ते रुईच्या तुसांसारखे. सकाळी झाडून काढावेत, तर दुपारी पंख्याच्या पात्यांवर, कॅलेंडरच्या खिळ्यावर, गिऱ्हाइकाच्या भुवयांवर पुन्हा हजर! उन्हाची तिरीप आत आली की ती तुसं नुसती तरंगत राहतात, आणि आपण जागे आहोत की झोपेत, हे नक्की सांगता येत नाही.

आमच्याकडची एक रीत आधी सांगतो. मागच्या शेडमध्ये पिंजणीची मशीन चालवतात ते रहीमभाई. त्यांचे वडील कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर घेऊन गावोगाव फिरायचे, तेव्हापासूनची ही रीत. गादीच्या तीन बाजू शिवायच्या, चौथी उघडी ठेवायची. ज्याला त्या गादीवर झोपायचं आहे त्याने येऊन आडवं पडायचं. रहीमभाई उघड्या बाजूने कोपरापर्यंत हात आत घालणार आणि विचारणार, "कुठं टोचते?" गाठ असेल, पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, काडी असेल, ती बाहेर काढणार. मगच शेवटचा टाका.

त्यामुळे आमच्या दुकानात कोणी ना कोणी कायम आडवं असतंच.

*

सगळ्यात जास्त आडवे किसनदादा. एसटीतले रिटायर्ड कंडक्टर, बुद्धविहाराच्या मागे घर. जेवण झालं की "उशी पाहाले आलो" म्हणून येतात. त्यांनी उशी घेतल्याचं मला आठवत नाही!

एका दुपारी टीव्हीवर चर्चा चालू होती. या देशात राहायचा हक्क कोणाला आणि बाहेर कोणाला काढायचं! चार चौकटींत चार माणसं, चौघंही एकदमच बोलत होती. रहीमभाईंनी मशीन बंद करून चहाचा कप हातात घेतला होता, तो हातातच राहिला.

तेवढ्यात गादीवरून किसनदादा झोपेतच कडाडले, "कोणाले उतरवाचं नाही! तिकीट हाय त्याच्यापाशी! मांगं जागा रिकामी हाय, सरकून बसा!"

आणि कूस बदलून घोरायला लागले.

मी टीव्ही बंद केला.

*

निवडणुकीत एक उमेदवार आला होता. नाव नको. सोबत फोटोवाला. "कष्टकऱ्यांमध्ये बसल्याचा एक फोटो घ्या," म्हणाला, आणि समोर दिसली त्या गादीवर ऐसपैस पसरला.

रहीमभाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "साहेब, कुठं टोचते?"

"टोचते? अहो, स्वर्ग आहे स्वर्ग!"

फोटो झाला, गाडी धुरळा उडवत गेली. कोपऱ्यात तांड्यावरचा प्रेमसिंग बसला होता. माझ्याकडची बरीचशी रुई त्याच्याच वावरातल्या कापसाची. तो उठला, गादीत हात घातला आणि मूठभर काड्या बाहेर काढल्या. ती जुनी गादी पिंजायला आलेली होती! आत गाठी आणि कचरा सोडून काही नव्हतं.

प्रेमसिंग काड्यांकडे बघत म्हणाला, "बापा! याले हे टोचत नाही शेठ, मंग आपलं काय टोचीन?"

*

प्रेमसिंगची पोरगी कविता. तिचं लग्न ठरलं तेव्हा आंदणाची डबल गादी आमच्याकडेच. पोरगी आली, लाजत आडवी पडली. खिडकीतून ऊन तिच्या चेहऱ्यावर. बराच वेळ छताकडे बघत राहिली. मला वाटलं, पुढच्या घराची स्वप्नं बघते आहे.

"कुठं टोचते, बेटा?" रहीमभाईंनी विचारलं.

"गादीत नाही टोचत, चाचा. सासऱ्याच्या मागण्यात टोचते. काल फोनवर गाडी मागितली, आज सोन्याचं बोलून राह्यले."

प्रेमसिंगने मान खाली घातली. कविता उठून बसली, ओढणीवरची तुसं झटकली.

"काका, ही गादी सिंगल करता येईन का? मी यवतमाळले शिकाले जातो."

उरलेल्या रुईच्या रहीमभाईंनी तिला दोन उशा करून दिल्या. "एक झोपाले," म्हणाले, "अन् एक पुस्तक टेकवाले!"

*

आता गोलूभाऊचा किस्सा. गोलू म्हणजे आमच्या मंदामावशीचा मुलगा. लहानपणी याच दुकानात रुईच्या ढिगात उड्या मारायचा, आता मोटरसायकलला झेंडा लावून फिरतो. लग्नसराईच्या तोंडावर मोबाइलवर एक मेसेज फिरला, माल फक्त आपल्या माणसाकडून घ्या. पाठोपाठ गोलू दुकानात.

"शेठ, बोर्डावर नाव लिहा. गादीत कोणाचा हात आहे, हे गिऱ्हाइकाले समजलं पाहिजे. नाहीतर यंदा तुमच्याकडे कोणी येणार नाही. मंग मले म्हणू नका."

शेडमधली मशीन थांबली. आत ऐकू गेलं होतं.

मी काही बोलायच्या आत गादीवरून किसनदादा म्हणाले, "पोट्ट्याचं बरोबर हाय. लिहू ना! पण अर्धं तिकीट काहून फाडाचं? पुरं फाडू!"

दुसऱ्या दिवशी पेंटरने बोर्ड लावला. रुई: प्रेमसिंग, तांडा. पिंजण: रहीमभाई. खोळ शिलाई: संघमित्रा, म्हणजे किसनदादांची सून. आणि सगळ्यात खाली, काही न करता पैसे घेणारा: शेठ.

गोलूने वाचलं. "हा काय मजाक आहे?"

"मजाक नाही, बेटा," किसनदादा म्हणाले. "ज्याचा हात नको असंन त्याचा माल काढून देतो. बोल, कोणाचा काढू?"

"माहा काढशीन," प्रेमसिंग म्हणाला, "तर रिकामी खोळ घेऊन जा. पांघराले होईन!"

*

हसलो आम्ही खूप. पण खरं सांगतो, बोर्डाने काम काही भागलं नाही. लोक यायचे, रस्त्यावर उभे राहून बोर्ड वाचायचे आणि पुढच्या फोमच्या दुकानाकडे वळायचे. चांगले ओळखीचे लोक! नजर चुकवून.

एका सकाळी रहीमभाईंनी माझ्यासमोर शेडची चावी ठेवली.

"शेठ, मी मशीन घेऊन मारेगावले जातो. पोरीच्या गावाले. माह्यापायी तुमचं दुकान कायले बुडवू?"

"तुम्ही गेल्यावर हे दुकान काय राहीन, रहीमभाई?"

"फोम ठेवा. त्याले पिंजा लागत नाही, अन् त्याले कोणी नावही विचारत नाही."

मी चावी परत त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी पुन्हा माझ्याकडे सरकवली. किसनदादा त्या दिवशी आडवे झालेच नाहीत, नुसते बसून होते.

*

निघायच्या दिवशी दुपारी टेम्पो दारात उभा होता. मशीनचे बोल्ट ढिले झाले होते. एकच काम बाकी होतं. मंदामावशीने हा सगळा गोंधळ सुरू व्हायच्या आधीच मुलाच्या लग्नाची गादी सांगून ठेवली होती, घरच्या वावरातली रुई देऊन. तीन बाजू शिवून झाल्या होत्या. रहीमभाई म्हणाले, "तेवढी करून देतो. तोंड उघडं टाकून जाणं बरं नाही."

म्हणजे गोलूला यावंच लागलं. आईने ढकलून पाठवलं होतं. त्याने दारातल्या टेम्पोकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं, चपला काढल्या, कोणाशी न बोलता आडवा पडला. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली. लग्नघरचा नवरदेव असा नसतो.

रहीमभाई गुडघ्यावर बसले, कोपरापर्यंत हात आत घातला.

"कुठं टोचते, बेटा?"

उत्तर नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा आमच्या लक्षात आलं, गोलू झोपला होता! तोंड थोडंसं उघडं, एक पाय गादीच्या बाहेर. लहानपणी ढिगात झोपायचा तसाच.

टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. रहीमभाईंनी डाव्या हाताने त्याला गप्प राहायची खूण केली. उजवा हात गोलूच्या पाठीखाली अडकला होता.

"काढा ना हात," किसनदादा कुजबुजले.

"उठीन तो. लय दिवसांचा जागा दिसते."

ऊन भिंतीवरून सरकत खाली आलं. शेडमधून वाऱ्याने तुसं येत होती, गोलूच्या केसांवर, रहीमभाईंच्या दाढीवर, माझ्या टेबलावर बसत होती. सगळे पांढरे झालो होतो, कोणी झटकत नव्हतं. टेम्पोवाला दोनदा डोकावून गेला. "दुसरं भाडं आहे मले," म्हणाला, आणि रिकामाच निघून गेला. कोणी त्याला थांबवलं नाही.

दिवस कलला तेव्हा गोलू दचकून जागा झाला. पाठीखाली हात लागला. त्याने रहीमभाईंकडे बघितलं, दारातल्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग हळूच पुन्हा आडवा झाला आणि डोळे मिटून म्हणाला,

"चाचा, आता इचारा."

पुढे कधी बाभुळगावात आलात आणि कोणी विचारलं, टेम्पो रिकामा काहून गेला, तर तुमच्यापाशी एकच मागणं आहे. हिशोब खरा मांडा. झोप गोलूच्या नावावर लिहा, हात रहीमभाईंच्या. माझ्या खात्यात काही ढकलू नका!