एलनआजींचा ओढा आणि आमचा अंदाज

किस्से गोळा करायला मी कधी गेले नाही. ते आपोआप साचतात. कामाच्या फाइली मात्र वेळेवर सापडत नाहीत! अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या आमच्या चार टेबलांच्या ऑफिसात काम एकच: एखाद्या विहिरीतून पाणी उपसलं, तर जवळचा ओढा किती आटेल याचा अंदाज काढायचा. ओढ्याला पाणी मिळतं ते जमिनीखालून. तेच आपण वर खेचलं की ओढा उपाशी. पण आकडा चुकला, तर कुणाचा तरी ओढा जातो.

*

शेजारच्या टेबलावरचा शिरीष पुण्याचा. एका गावाच्या नव्या विहिरीचं मॉडेल त्यानं कॉम्प्युटरवर रन केलं. विहीर जितकी जास्त चालवावी, तितकं ओढ्याचं पाणी वाढलेलं! कुठेतरी उण्याच्या जागी अधिक पडलं होतं, आणि रिपोर्ट क्लायंटला गेलासुद्धा. मी धावत जाऊन फोन लावला.

गावचे इंजिनिअर भलतेच खुशीत. "रिपोर्ट मस्त आहे हो! मग दोन विहिरी खोदू का?"

*

चूक सुधारली आणि आम्ही त्याच ओढ्यात पाणी मोजायचं यंत्र बसवलं. तर रोज दुपारी पाणी उतरायचं, पहाटे पुन्हा चढायचं. शिरीष म्हणाला, "यार, शेजारचा शेतकरी गुपचूप पंप चालवतोय."

विचारायला जायची वेळ अर्थातच माझ्यावर. शेतकऱ्यानं मला थेट शेडमध्ये नेलं. पंप सुटा होऊन जमिनीवर पडला होता. "दोन आठवडे पार्टची वाट बघतोय," तो म्हणाला. "पाणी पिणारे बघायचेत तर काठावर जा."

काठावर विलोची झाडं ओळीनं उभी होती. दुपारच्या उन्हात तीच पाणी ओढून घेत होती! मी ओशाळून ऑफिसात परतले. शिरीष मात्र शांत. "यांना नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवायची?"

*

मराठी मंडळाच्या जेवणात देशपांडेकाकांनी मला लांबूनच हाक मारली. "तू म्हणजे अमेरिकेतली पाणाडी झालीस की!"

"काका, पाणाड्या पाणी कुठं लागेल ते सांगतो. मी कुठलं जाईल ते सांगते."

काका मग हळूच म्हणाले, "अगं, मग तुला जेवायला बोलावतं कोण?"

*

गावाच्या त्या नव्या विहिरीला परवानगी द्यायची की नाही, यासाठी पब्लिक हिअरिंग झालं. तिथं एलनआजी आल्या. आजी हे आमच्या ऑफिसातलं नाव, वय ब्याऐंशी. त्यांच्या घरामागून तोच ओढा वाहतो आणि त्यात ट्राउट मासे आहेत. थंड, वाहतं पाणी नसलं तर ते जगत नाहीत. नवरा गेल्यापासून आजींचं गणगोत म्हणजे ते मासेच.

मी स्लाइड दाखवून म्हणाले, "पाणी थोडं उतरेल. शेवटी अंदाज आहे, जरा इकडेतिकडे होऊ शकतं."

आजींनी हात वर केला. "इकडे की तिकडे?"

मी बॉसकडे बघितलं. बॉसनं स्लाइड बदलली.

*

परवानगी मिळाली, विहीर सुरू झाली. त्या उन्हाळ्यात नेमका पाऊस रुसला आणि ओढा माझ्या आकड्याच्याही खाली गेला. ऑगस्टमध्ये गावानं एकदाची विहीर बंद केली. ऑफिसात केक कापला, पण मी माझा तुकडा तसाच ठेवला. कारण पंप थांबला तरी ओढा लगेच सावरत नाही. आधी उपसलेल्या पाण्याचा फटका पुढे कित्येक आठवडे बसत राहतो.

हे आजींना सांगणं भाग होतं. मी फोन लावला. "पाणी अजून खाली जाईल," मी म्हणाले. त्यांनी लगेच फोन ठेवला.

चार दिवसांनी त्यांचाच फोन आला. आवाज एकदम टवटवीत.

"काळजी सोड. सगळे मासे बादलीनं घरात आणलेत. बाथटबमध्ये मजेत आहेत."

"आणि पाणी?" मी विचारलं.

"नळ सारखा चालू ठेवलाय. ओढ्याकाठच्या माझ्याच बोअरचं पाणी, थंडगार! आता तू फक्त एवढं सांग, ओढा भरेपर्यंत किती दिवस चालू ठेवू?"