अर्धं राहिलेलं काज

आमच्या मंडळात दीपप्रज्वलन बॅटरीच्या समईवर होतं, कारण हॉलवाल्यांना ज्योत चालत नाही. बटण दाबायला अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि प्रायोजक असे तिघे लागतात. या प्रकाराची मी वर्षानुवर्षं टिंगल करत आले आहे. त्या शनिवारी मात्र वक्ता म्हणून माझ्या खांद्यावर शाल पडली आणि ती मला शोभते आहे असं वाटलं.

विषय होता, जुन्या काळच्या अमेरिकेतल्या शाळकरी मुलींचं भरतकाम. त्यांच्या वह्या फारशा उरल्या नाहीत, कापडं उरली. त्यांवर मुळाक्षरं, आकडे, एखादी देवाधर्माची ओळ, खाली नाव आणि वय. नमुना कोणत्या बाईंनी शिकवलेला, टाका कुठे सैल पडला, काम कुठे सुटलं, यावरून मुलगी काय शिकली आणि तिची शाळा कधी थांबली याचा माग काढता येतो. हे सगळं मी पुस्तकांत वाचलेलं. मला स्वतःला शर्टाचं बटणही धड लावता येत नाही.

तुलनेला आपल्याकडचं काहीतरी हवं म्हणून आदल्या दुपारी मी आईच्या सुईदोऱ्याच्या डब्यातून वीतभर मांजरपाट उचललं. आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आखातात, अल कुसैसला आली होती आणि बिस्किटांचा तो डबा तिने लोणच्याची बरणी कमी करून बॅगेत बसवून आणला होता. मी तिला विचारलं नाही. ती झोपली होती, आणि फडक्याचं काय विचारायचं?

"आता ही आपली बाजू," हॉलमध्ये कापड उंच धरून मी म्हणाले. "धावदोरा, उलटी टीप, साखळी. अक्षर नाही, नाव नाही. आणि इथे तीन काजांच्या खुणा, त्यातलं एकच केलंय, तेही अर्धं. बाईंचा डोळा चुकवून पळालेली दिसतेय! आळशीपणाला पासपोर्ट लागत नाही."

हॉल हसला. दुसऱ्या रांगेत आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

परतताना मंडळाने मला दिलेली ट्रॉफी माझ्या लेकीच्या मांडीवर होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मागून आई म्हणाली, "ते माझं होतं गं."

"काय?"

"कापड. सातवीतलं. पळाले नव्हते मी. धाकटी झाली आणि तुझी आजी अंथरुणाला खिळली. सोमवारी काज पुरं करायचं होतं. त्या सोमवारपासून मी घरीच. शिवणाच्या बाई दारात आल्या होत्या, वडिलांनी ऐकलं नाही. मग बाई मला म्हणाल्या, कापड तरी ठेव, पोरी."

"मग तिथेच बोलली का नाहीस?"

"सगळे हसत होते. तुझा कार्यक्रम मी कशाला मोडू?"

"दॅट वॉज सो मीन, आई," लेक खिडकीबाहेर बघत मला म्हणाली. सिग्नल सुटला तरी मी गाडी हलवली नाही. मागच्याने हॉर्न दिला.

सुटलेल्या टाक्यावरून सुटलेली शाळा ओळखायची, हे अर्धा तास मीच लोकांना शिकवत होते. परक्या मुलींच्या बाबतीत मला ते बरोबर कळत होतं.

घरी पोचल्यावर मी आईला चहा विचारला. आमच्याकडे माफी अशीच मागतात. "साखर कमी घाल," ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात शारजातल्या रोल्ला भागातल्या एका महिला गटाने तेच भाषण मागितलं. मी नकार देणार होते. आई म्हणाली, "जा की. कापडही ने. फक्त आळशी म्हणू नकोस."

या वेळी सगळं खरं सांगितलं. सातवी, धाकटी बहीण, दारातल्या बाई. कोणी हसलं नाही. पुढच्या खुर्चीतल्या एका बाईंनी डोळे टिपले आणि मी, नकळत नव्हे, एक वाक्य जास्त लांबवलं. ही शांतता त्या हशापेक्षा गोड लागत होती. मग मागे बसलेल्या आईकडे लक्ष गेलं. ती खाली मान घालून पर्सचा बंद उगीच पिळत होती. आपल्या घरची गोष्ट अनोळखी बायकांपुढे मांडू का, हे मी याही वेळी तिला विचारलं नव्हतं.

टाळ्या संपल्यावर ती माझ्यापाशी आली.

"झालं तुझं?" तिने विचारलं आणि कापडासाठी हात पुढे केला.