कपाटातली अमोनियाची बाटली

राशीदमामू गेले तेव्हा कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती.

आज पुन्हा तीच तारीख. यंदा सगळं लिहितो.

मामू आमच्या गावाच्या फिल्टर हाऊसवर वॉटरमन. मी पंप ऑपरेटर, दहावी नापास. पाण्याचं जे येतं ते पुस्तकं वाचून. मामू मला हाक मारायचे, "या, बिनडिग्रीचे इंजिनियरसाब."

भूकंपाच्या वर्षी, लोक पत्र्याच्या शेडांत राहायचे तेव्हा, तिथल्या टँकरमध्ये आम्ही दोघांनी टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकली. पोतं फोडलं की मामू वाकून वास घ्यायचे.

"डोळ्यात पाणी आलं की माल चांगला हाय समजायचं."

त्यांचं नाक कधी चुकलं नाही.

मग क्लासेस आले, हॉस्टेलं आली, पाईपलाईन लांबली. शेवटच्या नळावर क्लोरीन पोचेना. क्लोरीन तपासायला ओटीचे थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायला पाहिजे. ते पांढरंच राहायचं. पोरांना कावीळ झाली.

डिक्शनरी घेऊन गॅस क्लोरीनची माहिती वाचली. अर्जावर अर्ज केले. सिलेंडर आले. लई मिरवलो.

मामू म्हणाले, "पावडर दिसते तरी. ही बला दिसत बी न्हाई."

गळती शोधायला अमोनिया असतो. बोळा भिजवून लांब काठीनं फिरवायचा. गळती असेल तिथं पांढरा धूर निघतो.

कुणी बाटली उघडी टाकली तर अमोनिया उडून जाईल म्हणून मी ती कपाटात ठेवली. कुलूप लावलं.

"राहू द्या कुलपात," मामू म्हणाले. "नाक हाय ना माझं."

मी हसलो. हो म्हणालो.

इथं चुकलो. हसण्यात.

त्या दिवशी मी लातूरला होतो, मुलीच्या क्लासच्या ॲडमिशनला. मागं गॅसरूममध्ये वास आला. मामूंनी कपाट ओढून बघितलं, असं वॉचमन सांगतो.

मग तोंडाला ओला रुमाल बांधून आत गेले. गळती कुठं आहे ते कळेना, म्हणून रुमाल खाली ओढला आणि वाकून वास घेतला.

पोत्यावर वाकायचे तसंच.

क्लोरीन हवेपेक्षा जड असतो. खाली साचतो. हे मला पाठ होतं. त्यांना कधी सांगितलं नाही.

व्हॉल्व्ह त्यांनी बंद केला. बाहेर आले आणि पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत. उचलून दवाखान्यात न्यावं लागलं.

मी पोचलो तेव्हा त्यांना श्वास पुरत नव्हता. तरी विचारलं, "पाणी सोडलं? शेवटच्या नळावर ओटी?"

"पिवळी आली, मामू."

मी घेतलीच नव्हती. रीडिंग न घेता सांगितलेलं ते एकच.

पहाटे गेले.

नंतर मीच भांडून गॅस बंद करवला. आता लिक्विड हायपो, म्हणजे क्लोरीनचं पातळ औषध आहे. सिलेंडर नाही. कपाट आहे, त्याला कुलूप नाही. लोक म्हणतात, चांगलं काम केलंत. मला ऐकवत नाही.

आज सकाळी शेवटच्या नळावर गेलो. पाणी घेतलं, थेंब टाकले, उजेडात धरलं.

पिवळी आली, मामू. आज खरं सांगतोय.

माफ करा म्हणायचं तोंड नाही. सलाम तेवढा घ्या.