नोरीनने जोडलेल्या तारा

क्लेम रॅडलीचा सारा जन्म लाकडाच्या गिरणीत गेला आणि शेवटी तिथल्याच भुशाने त्याची फुप्फुसं निकामी केली. डॉक्टर नको म्हणत असतानाही त्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियातल्या मरी नदीकाठी तंबू ठोकायचा हट्ट त्याने सोडला नाही. दरवर्षीप्रमाणे आमचा तंबू शेजारीच होता.

गाडीतल्या मोठ्या बॅटरीवर त्याचं ऑक्सिजनचं यंत्र चालायचं. दुसऱ्या दिवशी चार्जिंग संपून गाण्यांचा स्पीकर बंद पडला. त्याची बायको नोरीन वायर घेऊन बॅटरीपाशी गेली आणि थबकली. त्या बॅटरीला कुणी हात लावायचा नाही, असं तिनेच आम्हाला बजावलं होतं.

"राहू दे गं," क्लेम म्हणाला. "गाण्यांवाचून कोण मरतंय?"

आमच्या पिकअपमध्ये मेंढ्यांच्या विजेच्या कुंपणाचं जुनं सोलर पॅनेल पडलं होतं, ते तिने मागून घेतलं. गाडीत मोबाइल चार्ज करायचं सॉकेटही घेतलं.

"मी जोडून देऊ का?" मी विचारलं.

"नको. तो सांगेल, मी करीन."

क्लेम खुर्चीतून सांगू लागला. दोन शब्द, मग श्वास. नोरीनचे हात शिवणाचे; वायर सोलताना तिने आतली तारच तोडली.

"वायर सोलतेस की बटाटा?"

"मग तूच ये ना उठून!"

बोलून गेली आणि तिचा चेहरा उतरला. क्लेम मात्र हसत सुटला. हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत आम्ही कुणी जागचे हललो नाही.

"लाल तार... सॉकेटच्या मधल्या टोकाला," तो शेवटी म्हणाला. "उलटी जोडलीस तर जळेल."

तिने जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली. स्पीकर सॉकेटला लावला, पण त्याचा चार्जिंगचा दिवा लागेना. पॅनेलच्या कोपऱ्यावर निलगिरीची सावली होती. तिने ते उचलून उघड्या वाळूत ठेवलं, तेव्हा दिवा लागला. मग ऊन सरकेल तशी ती पॅनेल सरकवत राहिली.

उन्हं कलताना स्पीकरवर त्यांच्या लग्नातलं नाचाचं गाणं लागलं. क्लेमला उभं राहवेना. नोरीन त्याच्यासमोर गवतात बसली आणि तो तिच्या हातावर बोटांनी ताल धरत राहिला. आम्ही सरपण आणायला निघून गेलो.

क्लेम सप्टेंबरात गेला. त्यानंतर नोरीनने घरात रेडिओसुद्धा लावला नाही, असं तिची बहीण सांगायची. पुढच्या हिवाळ्यात ती येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. ती आली, एकटीच. तंबू उलगडला आणि मला म्हणाली, "हे टोक धर रे जरा, वारा फार आहे."